माद्रिनेची घंटा

कासियानो तोलाबांचा पाय लढाईत मोडलेला नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलून दाखवत नव्हतं. गव्हर्नरांना कळवलं होतं ते एवढंच, की कप्तान तोलाबा घोड्यावरून उतरल्यावर जायबंदी झाले. ते खोटंही नव्हतं. पुतणीच्या लग्नात नाचायला म्हणून ते घोड्यावरून उतरले, आणि तिसऱ्या फेरीला रुमाल उडवता उडवता दगडी हौदात पडले. मधला भाग तेवढा गाळला होता.

आता ते ओसरीवर बाजेवर पडले होते. पायाला फळ्या बांधल्या होत्या, आणि त्यांच्या डोक्यावरून सगळं कुटुंब त्यांच्या जागी कप्तान कुणाला करायचं यावर भांडत होतं.

"मी अजून जिवंत आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे," त्यांची बायको तोरिबिया म्हणाली. "पाय जरा सरकवा, पातेलं ठेवायचंय."

त्यांची मुलगी निएवेस चुलीपाशी सारण भरलेले एम्पनाडा तळत होती. कढईकडे एक डोळा आणि अंगणातल्या तीन खुंट्यांकडे दुसरा. तोलाबांच्या तुकडीत कप्तान निवडायची रीत सोपी होती: ज्याला मानायचं त्याच्या खुंट्याला घोडा बांधायचा. चाळीसेक स्वार, सगळे नात्यातले नाहीतर जमीन कसणारी कुळं. सकाळपासून निम्मे घोडे तिच्या काकाच्या खुंट्याला होते, निम्मे तिच्या भावाच्या. तिसरा खुंटा रिकामा होता. तो रिकामाच राहावा, एवढंच निएवेसचं देवाकडे मागणं होतं.

"कप्तान म्हणजे ज्याला नकाशा कळतो तो," अन्सेल्मो काका म्हणाला. हा कासियानोंचा धाकटा भाऊ. खाली तुकुमानला खड्या फौजेत सहा महिने काढून तो नुकताच परतला होता, आणि येताना एक उंच घोडा, एक दुर्बीण आणि शिस्त असं तिन्ही घेऊन आला होता.

"नकाशा कशाला लागतो, काका?" निएवेसचा थोरला भाऊ गास्पार म्हणाला. "नदी तिकडे. शत्रू नदीपलीकडे. नदी ओलांडायची आणि हाणायचं. झाला नकाशा."

"मागच्या खेपेला तू ओलांडलीस तेव्हा पलीकडे शत्रू नव्हता. पाद्रीबाबांच्या गाई होत्या."

"धुकं होतं."

"त्या हंबरत होत्या, गास्पार."

"त्यातली एक भाजली तेव्हा तुम्हीच दोनदा वाढून घेतलंत."

बाकावर गव्हर्नरांचा माणूस बसला होता. लेफ्टनंट बेनितेस, कोवळ्या मिशीचा आणि सकाळपासून खाणारा. त्याने बोटं पुसली. "मला दिवस मावळायच्या आत नाव हवं. स्पेनच्या राजाचं सैन्य शहरात बसलंय, रोज खेड्यापाड्यांतून जनावरं हाकून नेतंय. प्रत्येक खोऱ्यात एक माणूस हुकूम देणारा पाहिजे. गव्हर्नरसाहेबांना दोन कप्तान चालणार नाहीत."

"आम्हाला एकच जड होता," तोरिबिया म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक एम्पनाडा टाकला.

*

निएवेसला काका नको होता आणि भाऊही नको होता. पण त्या दोघांतला कुणीतरी एक हवाच होता. कारण दोघांचं जमलं नाही तर आई काय बोलेल ते तिला ठाऊक होतं. आई तडजोडीचं बोलेल, आणि तोलाबांच्या घरात तडजोडीचं नाव एकच होतं: रेमिहिओ. निएवेसचा नवरा. खेचरांचे तांडे डोंगरावर नेऊन मीठ आणणारा शांत माणूस. त्याच्यावर कुणाचाच राग नव्हता. एवढीच त्याची पात्रता, आणि आजच्या दिवशी तेवढी पुरेशी होती.

म्हणून तिने कढई आईच्या हवाली केली आणि आधी काकाला गाठलं.

"काका, गास्पारदादाला मनातून तुम्हीच हवे आहात. नुसतं एकदा म्हणा, की पुढच्या फळीत तो राहील."

अन्सेल्मोने दुर्बीण मिटली. "पुढची फळी तो मागची करून ठेवील."

"पण म्हणायला काय जातंय?"

"म्हणेन. आधी त्याने मला सलाम करावा. सगळ्यांसमोर."

मग ती भावाकडे गेली. "दादा, काका म्हणतोय पुढची फळी तुझी. तू फक्त एक सलाम ठोक."

"कुणाला, त्याला? लहानपणी त्याने मला निवडुंगात ढकललं होतं."

"त्याला वीस वर्षं झाली."

"काटे अजून सापडतात मला."

तोवर ओसरीवरून आईचा आवाज आलाच. "मी म्हणते, तुमच्या भांडणात उगाच दिवस जायचा. रेमिहिओला का नाही करत? कुणाच्या अध्यात ना मध्यात."

 अंगणातलं एक म्हातारं कूळ उठलं, काकाच्या खुंट्यापासून आपला घोडा सोडला आणि तिसऱ्या खुंट्याला नेऊन बांधला. त्याच्यामागे त्याचा जावई गेला. मग भावाच्या बाजूचे दोघे. पाणी उताराकडे जावं तसे घोडे तिकडे सरकू लागले. काकाकडे असलेल्यांना भाऊ नको होता, भावाकडे असलेल्यांना काका नको होता, आणि रेमिहिओ कुणाला नको असायला त्याने आजवर काही केलंच नव्हतं.

रेमिहिओ घरामागे खेचराचा नाल बघत होता. बघत होता म्हणजे खूर हातात धरून बोटांनी चाचपत होता. निएवेस त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुझ्या खुंट्याला घोडे बांधताहेत."

"ऐकलं मी." त्याने खूर खाली सोडला. चेहऱ्यावर न लपणारा आनंद होता. "किती झालेत?"

"स्वतः बघ ना."

 कुंपणापासून खुंटा दगड भिरकावला तर पडेल इतक्या अंतरावर होता, आणि रेमिहिओला त्याच्या अर्ध्यावरचंही दिसत नव्हतं. डोळे लहानपणापासूनचे तसे. खेचरं तो पावलांच्या आवाजावरून ओळखायचा, माणसं खाकरण्यावरून, आणि वाट खेचरांना माहीत असायची. ही गोष्ट जगात फक्त निएवेसला ठाऊक होती. लग्नाच्या रात्री त्याने सांगितली आणि कुणाला न सांगायचं वचन घेतलं. निएवेसने ते दिलं, कारण तेव्हा युद्ध नव्हतं.

"कप्तान सगळ्यात पुढे असतो," ती म्हणाली. "पलीकडच्या खोऱ्यातला गेल्या वर्षी गेला. त्याच्या जागचा दिवाळखोर सावकारासारखा नाहीसा झाला. आणि त्या दोघांना दिसत होतं."

"मला ऐकू येतं."

"बंदुकीची गोळी ऐकू येईपर्यंत लागलेली असते, रेमिहिओ."

"आजवर या घरात मला कुणी काही विचारलंय का, सांग. मीठ आणलंस का, एवढं सोडून?" तो हळूच म्हणाला. "आज विचारताहेत."

 खरं सांगून टाकावं तर तो जन्मभर तिच्याकडे बघणार नाही. तसाही त्याला दिसत नाही म्हणा, पण तोंड तरी फिरवीलच. न सांगावं तर तो पुढे जाईल, आणि त्याच्यामागे चाळीस माणसं.

"घरी कुणीतरी राहायला हवं," ती एवढंच म्हणाली.

"मग तू राहा," तो म्हणाला.

*

कुंपण घातलेल्या गोठणीतल्या करड्या घोडीने निएवेसच्या खांद्यावर तोंड ठेवलं. हिला सगळे माद्रिना म्हणत, म्हणजे धर्ममाता. कळपाच्या पुढे चालणारी जी घोडी, ती माद्रिना. तिच्या गळ्यात पितळी घंटा, आणि त्या घंटेमागे तोलाबांचे सगळे घोडे. शिंगरू असतानाच तिची आई मेल्यावर निएवेसने तिला चिंधीने दूध पाजून वाढवलं होतं, त्यामुळे निएवेस सोडून कुणाला ती जवळ येऊ देत नसे. गास्पारच्या खांद्यावर तिचे दात होते, आणि अन्सेल्मो काकाच्या टोपीचा काठ तिच्या पोटात.

गेले पंधरा दिवस तिची घंटा मुकी होती. काकाने हुकूम देऊन तिच्यात लोकर कोंबायला लावली होती. रणांगणावर घंटा वाजणं शिस्तीत बसत नाही, शत्रूला ठावठिकाणा लागतो, असं त्याचं म्हणणं. ते म्हणणं चुकीचं नव्हतं. पण तेव्हापासून घोडे बिथरलेले होते. घंटा म्हणजे त्यांना दुपार, आणि दुपार म्हणजे मीठ. या खोऱ्यात गवत हिरवंगार आणि अळणी. मीठ येतं ते वर, डोंगराच्या माथ्यावरच्या खारट पठारावरून. रोज दुपारी निएवेस माद्रिनेला गोठणीत फिरवायची, घंटा वाजायची, आणि लांबच्या कुरणांतून घोडे धावत येऊन दगडी कुंडातलं मीठ चाटायचे. शिंगरं असल्यापासून त्यांना ती सवय. युद्धामुळे वाटा बंद झाल्या आणि महिना झाला, मीठ संपलं होतं. रेमिहिओने आडवाटेने चार ढेपी आणल्या त्या कालच.

तेवढ्यात टेकडीवर पहाऱ्याला बसवलेला सान्तोस धापा टाकत अंगणात शिरला.

"नदीच्या कुरणात आहेत. राजाची माणसं. आपल्या गाई हाकताहेत."

"किती?" काकाने विचारलं.

"वीसेक. आणि..." त्याने गास्पारकडे बघितलं आणि नजर वळवली. "आपल्याच घोड्यांवर बसलेत. हिवाळ्याआधी चोरून नेले ना, त्यांच्यावर."

"माझा डागाळ्या?" गास्पारने विचारलं.

"तोही आहे."

"कोण बसलंय त्याच्यावर?"

सान्तोसने जमिनीकडे बघितलं. "एक जाडा आहे."

"जाडा," गास्पार म्हणाला, आणि त्याच्या आवाजात इतकं दुःख होतं की काकानेसुद्धा टोपी काढली.

मग एकदम धांदल उडाली. ज्याने त्याने आपला घोडा सोडला. दोन्ही मांड्यांना काट्यांपासून वाचवणारी कातड्याची रुंद पाखं फडफडू लागली. अन्सेल्मो ओरडला, दोन रांगा करा. गास्पार ओरडला, सरळ चला. मग सगळे रेमिहिओकडे बघू लागले, कारण त्याच्या खुंट्यापासून सगळ्यांत जास्त घोडे सुटले होते.

"आवाजाकडे जाऊ या," रेमिहिओ म्हणाला.

माणसांना ते फार आवडलं. त्यात काहीतरी खोल आहे असं त्यांना वाटलं. बेनितेसने एम्पनाडा चावता चावता मान हलवली.

निएवेसने नवऱ्याचा लगाम धरला. "मागे राहा. ऐकतोस का? गर्दीत मागे राहा, पुढे जाऊ नकोस."

"मी ज्या बाजूला तोंड केलंय ती नदीच आहे ना?" त्याने अगदी हळू विचारलं.

"थोडं डावीकडे."

त्याने घोडा थोडा डावीकडे वळवला आणि तो निघाला. सगळ्यांच्या पुढे.

*

निएवेस धावत गोठणीकडे गेली. ओसरीवरून जाताना वडील म्हणाले, "एम्पनाडा जळताहेत." ती थांबली नाही.

तिने मिठाची ढेप उचलून कुंडात आपटली. ढेप फुटली. मग माद्रिनेच्या गळ्यातली घंटा उलटी करून तिने आतली लोकर बोटांनी ओढून काढली. तिचा विचार एवढाच होता, की रेमिहिओचा घोडा मिठासाठी हावरट आहे. घंटा ऐकली की तो वळेल. स्वार काही म्हणो, घोडा वळेल. बाकीच्यांचं काय होईल हे तिच्या डोक्यात आलंच नाही. एका माणसासाठी जीव गोळा झाला, की उरलेले एकोणचाळीस हिशेबात धरायचे राहून जातात. शिवाय घंटेला नाव घेऊन हाक मारता येत नाही.

ती माद्रिनेची दोरी धरून गोठणीत पळू लागली. पितळेचा आवाज उतारावरून खाली गेला.

गोठण उंचावर होती, तिथून सगळं दिसत होतं. तुकडी नदीच्या जवळ पोचली होती. पलीकडच्या काठावर राजाचे शिपाई गाई सोडून बंदुका काढत होते. आणि सगळ्यात पुढे, बरोबर थोडासा डावीकडे, रेमिहिओ.

त्याचा घोडा थबकला. कान मागे गेले. मग तो जागच्या जागी असा गिरकला, की रेमिहिओची टोपी पुढेच गेली.

त्याच्यामागे दुसरा वळला, तिसरा वळला, आणि मग पाखरांचा थवा वळावा तशी अख्खी तुकडी वळली. माणसं लगाम ओढत होती, शिव्या देत होती, एक जण तर घोड्याच्या मानेवर आडवा पडून त्याच्या कानात विनवण्या करत होता. काही उपयोग नव्हता. चाळीस घोडे शत्रूकडे पाठ करून, महिन्याच्या उपाशी जिभा घेऊन, घराकडे चौखूर निघाले.

एकटा अन्सेल्मो काका राहिला. त्याचा घोडा तुकुमानचा. त्याला या घंटेचं देणं ना घेणं. काका तलवार उपसून नदीत शिरला, पलीकडच्या काठावर चढला, "माझ्यामागे या" म्हणून गरजला आणि मग मागे वळून बघितलं. मागे नदी होती.

राजाच्या शिपायांनाही काय करावं ते कळेना. चाळीस माणसं पळून गेलेली आणि एक समोर आलेला. त्यांच्या सार्जंटाने हात वर केला, बहुतेक गोळी झाडायचा हुकूम द्यायला. तो हात वरच राहिला, कारण त्याच्या खालचा डागाळ्या घोडा निघाला होता.

त्याच्यामागे तांबडा निघाला. त्याच्यामागे पांढऱ्या पायांचा. हिवाळ्याआधी नेलेले सगळे. चोरांनी त्यांना दाणा दिला होता, नाल ठोकले होते, नवी नावंही दिली असतील. पण मीठ दिलं नव्हतं, आणि घंटा तर कुठून देणार. ते काकाच्या दोन्ही बाजूंनी सुसाट गेले, पाण्यात उतरले, बाहेर आले. शिपायांनी बंदुका टाकून आयाळी धरल्या. उडी मारावी तर नदीचे धोंडे, न मारावी तर हे असं.

काकाने चेहऱ्यावरून पाणी पुसलं, तलवार सरळ धरली, आणि काय करावं हे न सुचून तो त्यांच्यामागे निघाला.

निएवेसच्या गोठणीत आधी रेमिहिओ आला, मग बाकीचे तोलाबा, मग कुळं, आणि मग स्पेनच्या राजाचं सैन्य. सगळे घोडे एकमेकांना ढकलत कुंडावर तुटून पडले. त्यांच्या पाठीवर दोन्ही बाजूंची माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली होती आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सार्जंट खरोखरच जाडा होता.

"बाई," तो निएवेसला म्हणाला, "हा घोडा थांबत नाही."

"आता थांबलाय ना," ती म्हणाली. "तो तुमचा नव्हता, म्हणून थांबत नव्हता."

शेवटी काका आला, गोठणीच्या दाराशी उतरला आणि दाराचे आडवे वासे एकेक करून सरकवले. त्या सगळ्या गोंधळात दार लावायचं सुचलं ते त्या एकट्याला, हे निएवेसने पुढे नेहमी कबूल केलं.

*

"असली चाल मी पाहिलेली नाही," बेनितेस म्हणाला. तो ओसरीच्या कडेला उभा होता आणि प्रथमच त्याच्या हातात खायला काही नव्हतं. "खोटी माघार. शत्रूला घरात ओढून घेतलं, एक गोळी न झाडता. कुणाचा हुकूम?"

"मी त्यांना मागून हाकत आणलं," अन्सेल्मो म्हणाला. "सगळ्यांनी बघितलंय. तलवार उपसलेली होती."

"माघार मी घेतली," गास्पार म्हणाला. त्याचा एक हात डागाळ्याच्या गळ्यात होता आणि तो काढायला तो तयार नव्हता. "माघारीत मी सगळ्यात पुढे होतो."

"सगळ्यात पुढे रेमिहिओ होता," म्हातारं कूळ म्हणालं. "आधी तो वळला. त्याचं बघून आम्ही. आणि घोडी कुणाची? त्याच्या बायकोची. आवाजाकडे जाऊ या, म्हणाला होता ना? तेव्हा आम्हाला कळलं नाही कुठल्या आवाजाकडे. आता कळलं."

माणसांमधून एक कौतुकाची कुजबुज फिरली. काकाकडचे शेवटचे दोघे हळूच उठले आणि आपले घोडे रेमिहिओच्या खुंट्याला न्यायला गेले. निएवेस हातातल्या लोकरीच्या बोळ्याकडे बघत राहिली. नवऱ्याला कप्तान होऊ द्यायचा नाही म्हणून घंटा वाजवली, आणि त्या घंटेनेच तो कप्तान झाला. रेमिहिओ बिनटोपीचा उभा होता आणि माणसांच्या आवाजाकडे तोंड करून हसत होता.

"तर मग नाव," बेनितेस म्हणाला, "रेमिहिओ..."

"हुकूम माझा होता," बाजेवरून आवाज आला.

सगळे वळले. कासियानो कोपरावर रेलून बसले होते.

"तुझा?" अन्सेल्मो म्हणाला. "तू तर झोपला होतास."

"डोळे मिटले होते. कप्तान असाच विचार करतो. शत्रू आपल्या घोड्यांवर आहे हे ऐकलं आणि पोरीला म्हटलं, घंटेतली लोकर काढ. काय गं, म्हटलं की नाही?"

निएवेसने वडिलांकडे बघितलं. ते नेहमीसारखेच दिसत होते, म्हणजे खोटं बोलताना दिसायचे तसे.

"म्हणालात," ती म्हणाली. "मी धावत जाताना म्हणालात."

"मग आम्हाला आधी सांगायचं ना, ताता," गास्पार म्हणाला. "आम्ही मरेस्तोवर लगाम ओढले."

"सांगितलं असतं, तर तुम्ही इतकं खरंखुरं पळाला असता का?"

 बेनितेसने टाचा जुळवून सलाम केला. खुंट्यांपाशी थोडा घोळ झाला. मग एकाने चौथा खुंटा ठोकायचं सुचवलं, आणि शेवटी घोडे बाजेच्या पायालाच बांधले गेले. तोरिबियाने त्यांना दोनदा हाकललं.

"पण कप्तानसाहेब, तुमचा पाय," बेनितेस म्हणाला.

"पायाने कोण लढतंय? दोन खेचरांच्या मधे डोली बांधा. पुढची फळी गास्पारची. दारं लावायची आणि रांगा करायच्या ते अन्सेल्मोचं, त्याला ते येतं. त्याने गास्पारला निवडुंगाबद्दल माफी मागावी आणि मग गास्पारने सलाम करावा. याच क्रमाने." ते थोडं थांबले. "आणि रेमिहिओ. मीठ संपलं तर ही घंटा म्हणजे नुसतं पितळ. यापुढे या तुकडीला दारूगोळ्याआधी मीठ लागणार. ते डोंगरावरून आणणारा माणूस एकच आहे. ते काम मी दुसऱ्या कुणाला देणार नाही."

डोंगरावर ना राजा होता ना गव्हर्नर. लामांचे कळप होते आणि वारा होता, आणि वाट खेचरांना माहीत होती. निएवेस चुलीकडे वळली.

"राहिली घोडी," कासियानो म्हणाले. "ती सगळ्यांच्या पुढे असणार. तिला कोण धरणार?"

गास्पारने नकळत खांदा चोळला. अन्सेल्मोने टोपी मागे सरकवली. मग एकेक करून सगळी तोंडं चुलीकडे वळली. निएवेस तिथे जळलेले एम्पनाडा कढईतून काढत होती. वर बघायला तिला जरा वेळ लागला.

संध्याकाळी बाजेजवळ दोघंच होती तेव्हा तिने विचारलं, "ताता, तुम्हाला कधी कळलं? त्याच्या डोळ्यांचं?"

"तुमच्या लग्नात. चर्चच्या दारात त्याने वाकून माझ्या हाताचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, दोन्या तोरिबिया, सासूबाई, आशीर्वाद द्या."

"तुम्हाला तर मिशी आहे."

"तुझ्या आईलाही थोडी आहे. मला त्याचा राग नाही आला." त्यांनी पाय सरकवला आणि कण्हले. "तू जाऊ नकोस म्हणणारा बाप मला व्हायचं होतं. पण घोडीने कुणाचं ऐकलंय?"

सकाळी तुकडी निघाली. सार्जंटासकट सगळे कैदी बेनितेसबरोबर आधीच गेले होते, पायी, कारण घोडे कुणी सोडायला तयार नव्हतं. डोलीतून कासियानो हुकूम देत होते आणि अन्सेल्मो ते दुसऱ्यांदा शिस्तीत देत होता. निएवेसने भावाची विजार चढवली होती. माद्रिनेच्या पाठीवर बसून तिने घंटेचा लोळा मुठीत धरला.

रेमिहिओ आवाजावरून वाट काढत तिच्यापाशी आला. रात्रभर तो खेचरांपाशी होता. त्याने तिचा पाय चाचपला, रिकीब चाचपली, पट्टा ओढून बघितला.

"लोकर तू ताताच्या हुकमाने नव्हती काढलीस," तो म्हणाला.

"नाही."

 मग त्याने लगाम धरला आणि तोंड वर केलं. त्याला काय दिसत होतं कोण जाणे. सूर्य असेल, नाहीतर एक करडा डाग आणि त्याच्यावर दुसरा.

"मागे राहा," तो म्हणाला. "ऐकतेस का? गर्दीत मागे राहा, पुढे जाऊ नकोस."

निएवेसने मूठ उघडली. घंटा वाजली, आणि तिच्यामागे चाळीस घोडे चालू लागले.